बलुत्यापासून घरकुलाच्या हप्त्यापर्यंत

पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे, न्हाणीघर बांधायचं, तर गवंड्याचे पैसे कसे द्यायचे? रोजावर की उक्ते?

आपल्या आजी-पणजीच्या काळात हा हिशेब खळ्यावर व्हायचा. सुतार, लोहार वर्षभर औतं दुरुस्त करायचे आणि सुगीला धान्य न्यायचे. तेच बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात हा व्यवहार मांडलाय. काम आधी, मोबदला मागून. शेतकऱ्याची सोय झाली, पण पीक बुडालं की कारागिराची चूलही पेटत नसे. माती मळणाऱ्या कुंभारणीचे कष्ट तर वेगळे मोजलेच गेले नाहीत.

पुढे रोख मजुरी आली आणि धोका आपल्याकडे वळला. सगळे पैसे आधी दिले की काम रखडतं. यावरची तोड घरकुलात दिसते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे हप्ते खात्यावर जमा होतात.

आपणही तसंच करू. किती काम निघेल याचा अंदाज नसेल, अशी डागडुजी रोजावर द्या. मोजता येणारं काम उक्ते द्या. आधी थोडी उचल, मग पाया, भिंत, छत झालं की एकेक हप्ता, आणि शेवटचा हप्ता सगळं काम बघून. सिमेंट-वाळू कोणी आणायची तेही वहीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या. टप्पा पुरा झाला की मात्र त्याच दिवशी पैसे द्या. गवंड्याच्या घरीही चूल आहे.