मोल्सवर्थ : एका आडनावाची गोष्ट, आणि रद्दीतला कोश

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात आमच्या गावातल्या वाचनालयाने जुनी पुस्तकं किलोवर काढली. बातमी म्हणून गेलो होतो, दोन फोटो काढून निघणार होतो. ढिगात एक जाडजूड ग्रंथ उलटा पडलेला दिसला. शिवण उसवलेली, वरचा पुठ्ठा गायब. उचलून बघतो तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश! १९७५ साली पुण्याच्या शुभदा-सारस्वतने पुन्हा छापला होता, ती प्रत. म्हटलं, हा पण? तर समितीतले एक काका म्हणाले, "अहो, आता सगळं मोबाइलवर असतं. आणि इंग्रजाच्या नावाचं पुस्तक आपण किती दिवस सांभाळायचं?"

शेजारी कॉलेजातला एक पोरगा उभा होता. तो म्हणाला, "सर, मोल म्हणजे किंमत आणि इंग्रजीत वर्थ म्हणजेही किंमत. डबल किंमतवाला माणूस दिसतोय!" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. चार रात्री त्या आडनावाच्या मागे लागलो.

पहिल्यांदा पोराचा विनोद मोडतो. या आडनावात किंमत कुठेच नाही. मोल्सवर्थ हे एक गाव आहे. पूर्वी हंटिंगडनशायर नावाचा परगणा होता, तो १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये धरतात, तिथलं चिमुकलं खेडं. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती सारा याची देशभर मोजणी केली. ते दप्तर म्हणजे डूम्सडे बुक. त्यांचा सातबाराच म्हणा ना. त्यात हे गाव आहे. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, म्हणजे आपला वाडा किंवा वाडी. आणि 'मूल' हे माणसाचं नाव. मूलची वाडी, एवढाच अर्थ. त्या काळी हे नाव ठेवत असत. सातव्या शतकात केंटच्या गादीवर बसलेला एक मूल राजा होता, त्याला वर्षभरातच लोकांनी जाळून मारलं. हा मूल तो नव्हे, कुणी साधा शेतकरी असणार.

मग गावाचं आडनाव कसं झालं? इथे आपल्याला लगेच कळेल, कारण आपल्याकडे 'कर' आहे. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावून कुणी हाक मारत नाही, तिथे सगळेच त्या गावचे. गाव सोडून दुसरीकडे गेलात की मग लोक म्हणतात, हा तिकडचा. म्हणजे मोल्सवर्थ आडनाव ज्याला पहिल्यांदा चिकटलं तो मोल्सवर्थ सोडून गेलेला माणूस. आडनाव हा एक प्रकारे स्थलांतराचा दाखलाच.

इंग्लंडमध्ये आधी आडनावं नव्हतीच. नॉर्मन आल्यानंतर नावांचा दुष्काळ पडला, जो तो विल्यम, जॉन नाही तर रॉबर्ट. कर वसूल करणाऱ्या कारकुनाने कुठला जॉन लिहायचा? १३७७, १३७९ आणि १३८१ ला डोईपट्टी बसली, तेव्हा माणसं याद्यांमध्ये चढली. कुणी धंद्यावरून, कुणी बापावरून, कुणी गावावरून. पुढे १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चला जन्म-लग्न-मृत्यूची नोंदवही सक्तीची केली आणि आडनावं पक्की झाली. सरकारी कागदावर एकदा लागलेलं नाव सुटत नाही, हे आपल्या तहसील कचेरीत फेऱ्या मारलेल्या माणसाला मी काय सांगू!

आता या आडनावाची माणसं बघा. एक शाखा एलिझाबेथ राणीच्या काळात कॉर्नवॉलला गेली आणि पेनकॅरो नावाच्या वाड्यात नांदली. त्यांच्यातला हेंडर मोल्सवर्थ जमैकात पोचला. आफ्रिकेतून माणसं पकडून आणून विकणारी रॉयल आफ्रिकन कंपनी होती, तिचा हा तिथला एजंट. पुढे १६८४ पासून जमैकाचा कारभारी गव्हर्नर, आणि १६८९ मध्ये सरदारकी. त्याच पेनकॅरोच्या घराण्यात सव्वाशे वर्षांनी सर विल्यम मोल्सवर्थ जन्मला. कैद्यांना जहाजात भरून ऑस्ट्रेलियात टाकण्याच्या पद्धतीविरुद्ध संसदेची समिती बसली, तिचा हा अध्यक्ष. तत्त्वज्ञ हॉब्जचं सगळं लेखन याने संपादून छापलं. १८५५ मध्ये वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांतच वारला. एकच आडनाव, एकच घर. एक माणसं विकणाऱ्यांचा एजंट, दुसरा कैद्यांसाठी भांडणारा. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज 'आपल्या आडनावाचा तेजस्वी इतिहास' येतो, त्यातल्या कुणी हेंडरचा उल्लेख केला असता का?

दुसरी शाखा आयर्लंडला. तिथला रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कला वकील म्हणून गेला आणि तिथली राजेशाही कशी माजलीय यावर १६९४ मध्ये पुस्तक लिहून राजाला झोंबला. १७२० ला लंडनमध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुटला, हजारो घरं बुडाली. तेव्हा हा संसदेत उठून म्हणाला, की बापाला मारणाऱ्याला रोमन लोक पोत्यात शिवून नदीत टाकत, या संचालकांनाही तसंच थेम्समध्ये टाका. (बुडालेल्या पतसंस्थांचे ठेवीदार वाचत असतील तर त्यांनी हा परिच्छेद कापून ठेवायला हरकत नाही.)

गंमत म्हणजे डब्लिनमधला मोल्सवर्थ स्ट्रीट जाऊन भिडतो तो थेट आयर्लंडच्या संसदेसमोर. न्यूझीलंडची संसदही वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवरच. आणि मूळ खेड्याचं काय? तिथे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ झाला. १९८०च्या दशकात तिथे क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, तेव्हा शांततावाल्यांनी तंबू ठोकले. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत सैन्य आणि पोलीस घुसवून ते उठवले, खुद्द संरक्षणमंत्री हेसल्टाइन लष्करी जाकीट घालून हजर. मूलच्या वाडीला पुन्हा कुंपण पडलं, या वेळी काटेरी तारेचं.

राहिला आपला मोल्सवर्थ. जेम्स थॉमस, जन्म १७९५. सोळाव्या वर्षी कंपनीच्या फौजेत भरती होऊन इकडे आला. लढाईचं सोडून मराठी शब्द गोळा करायला लागला. १८३१ ला पहिली आवृत्ती, मग इंग्लंडला गेला, परत आला आणि १८५७ ला, उत्तरेत उठाव पेटलेला असताना, मुंबईत दुसरी वाढवलेली आवृत्ती निघाली. साठ हजारांच्या आसपास शब्द. शेतातले, स्वयंपाकघरातले, शिव्या, म्हणी, सगळं. मराठीत विरामचिन्हं रुळवणारे कँडी ते हेच, थॉमस आणि त्याचा भाऊ जॉर्ज, दोघं त्याच्या मदतीला.

काकांचा मुद्दा मला इथे अर्धा पटतो. मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आहे, दोघे कँडी आहेत. पण ज्या मराठी पंडितांनी शब्द आणून दिले, अर्थ सांगितले, त्यांची नावं तिथे नाहीत. आपली पणजी जी भाषा बोलायची ती त्या पानांत आहे, फक्त वर नाव हंटिंगडनशायरच्या एका वाडीचं लागलंय. म्हणून पुस्तक रद्दीत घालायचं तर साहेबाबरोबर ते पंडितही दुसऱ्यांदा पुसले जातात, आणि पणजीही. हा कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, हे खरं. पण आमच्या वाचनालयात येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना अजून मोबाइलवर मराठी टाइप करता येत नाही, हेही खरं.

रद्दीवाल्याने सव्वातीन किलो भरला म्हणून सांगितलं. पैसे मी दिले, कोश सध्या माझ्या टेबलावर आहे. गुरुवारी संध्याकाळी सहाला समितीची बैठक आहे, तिथे तो परत ठेवायला नेणार आहे. बाइंडरने शिवण आणि पुठ्ठ्याचे अडीचशे सांगितलेत, ते माझ्याकडून. काकांनाही फोन केलाय, ते म्हणाले, "ये, बघू." ज्यांना जमेल त्यांनी या.