नवनीत अर्थात लोणी

मराठीतील ‘लोणी’ हा शब्द संस्कृत ‘नवनीत’ या शब्दापासून आला आहे. नवनीत म्हणजे नुकतेच काढलेले. पदार्थाचे नावच त्याच्या ताजेपणावरून पडावे, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. गोकुळाष्टमी जवळ आली की भाविक लोण्याच्या नैवेद्याविषयी विचारणा करतात. तिचे बरेचसे उत्तर या एका शब्दात आहे.

तापीकाठच्या आपल्या बऱ्हाणपुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि लोणी तर ३२ ते ३५ अंशांच्या सुमारास वितळते. त्यामुळे लोणी हा आपल्याकडे दीर्घ साठवणीचा पदार्थ कधीच नव्हता. आयर्लंडसारख्या थंड देशात दलदलीत पुरलेले लोणी शेकडो, क्वचित हजारो वर्षांनी सापडले आहे. आपल्या घरांत मात्र ते फार तर दोन-चार दिवस पाण्यात ठेवावयाचे आणि मग कढवून तूप करावयाचे. शहराची ओळख असलेला दराबाही रवा, साखर आणि तूप यांचाच.

आदल्या दिवशीच्या दुधापासून केलेल्या ताज्या तुपाला संस्कृतात ‘हैयंगवीन’ असे स्वतंत्र नाव आहे. पाणिनीने या शब्दासाठी एक सूत्रच दिले असून, कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात दिलीप राजाच्या वाटेवर गवळीवाड्यांतील वृद्ध हेच तूप घेऊन सामोरे येतात. मराठीत त्याला लोणकढे तूप म्हणतात. ताज्या रचलेल्या खोट्याला ‘लोणकढी थाप’ का म्हणावे, हेही यावरून ध्यानात यावे!

लोणी काढण्याची जुनी रीत आता थोड्याच घरांत उरली आहे, म्हणून ती येथे नोंदवितो. दूध तापवून, कोमट झाल्यावर विरजण लावावे. सकाळी घट्ट दही डेऱ्यात घालून रवीने घुसळावे. मोठ्या डेऱ्यास घुसळखांब व दोर लागे. हे काम पहाटे करीत, कारण गारव्यात स्निग्धांशाचे कण एकमेकांस नीट चिकटतात. उष्म्यात लोणी पातळ होऊन ताकातच राहते. म्हणून उन्हाळ्यात माठातले गार पाणी घालावयाचे आणि कडक थंडीत किंचित कोमट. रवीचा आवाज जड झाला की लोणी आले असे समजावे. गोळा काढून दोन-तीन पाण्यांनी धुवावा. ताक नीट निघाले नाही तर लोणी लवकर आंबते. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ८ टक्के स्निग्धांश असल्याने लोणी अधिक येते व ते पांढरेशुभ्र असते. गाईचे थोडे पिवळसर दिसते.

पंढरपुरात काकड्याच्या वेळी श्रीविठ्ठलास लोणी-साखरेचा नैवेद्य दाखविला जातो. तोही पहाटेचाच. दहीहंडीच्या काल्यात दही असते, पण बाळकृष्णाच्या हाती मात्र लोण्याचा गोळा.

बाजारातील पिवळे लोणी ही निराळी वस्तू आहे. मुंबईत पोलसनचे लोणी एके काळी इतके प्रसिद्ध होते की खुशामतीलाच ‘पोलसन लावणे’ म्हणू लागले. पुढे १९४६ साली स्थापन झालेल्या खेडा जिल्हा दूध संघाच्या अमूलने ती जागा घेतली. पावाला लावण्याच्या अशा लोण्यात मीठ असते व बहुधा रंगही घातलेला असतो. न्याहारीसाठी ते उत्तमच. परंतु त्यास नवनीत म्हणता येत नाही. अलीकडे अष्टमीस हेच लोणी वाटीतून आणले जाते. यात श्रद्धेची उणीव आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. घरी विरजण लागत नाही, एवढेच त्याचे कारण.

ज्यांना डेरा-रवी शक्य नाही, त्यांनी चार-पाच दिवसांची साय शीतकपाटात साठवून तिला विरजण लावावे, आणि अष्टमीच्या सकाळी गार पाणी घालून हातरवीने वा मिक्सरमध्ये घुसळावी. वाटीभर साजूक लोणी सहज निघते. ते न मीठ घालता, खडीसाखरेसह आणावे. उरलेले ताक घरीच प्रसाद म्हणून घ्यावे.