हाजींच्या जहाजांचे हबशी राखणदार

जंजिऱ्याचा सिद्दी म्हटला की शालेय पुस्तकातला ‘शिवाजी महाराजांचा शत्रू’ एवढेच आम्हाला आठवते. वर्गात शिकवताना विद्यार्थी हटकून विचारतात, "सर, मग आपले कोण?" या प्रश्नाचे उत्तर समुद्रावर शोधावे लागते.

हबशांचा मूळ पेशा राज्य करण्याचा नव्हता. आफ्रिकेतून ते बहुतांशी गुलाम, शिपाई आणि खलाशी म्हणून आले. चौदाव्या शतकात इब्न बतूता गुजरातच्या किनाऱ्यावरून ज्या जहाजाने निघाला, त्यावर सुमारे 50 हबशी शस्त्रधारी होते. एखादा हबशी जरी जहाजावर असला तरी चाचे त्या वाटेला जात नाहीत, असे त्याने नमूद केले आहे. जहाज राखणारी लढाऊ तुकडी म्हणून त्यांची शोहरत एवढी जुनी आहे.

मुरूडसमोरच्या बेटावर त्यांनी पाय रोवले. (जंजिरा म्हणजे ‘जझीरा’, हे उर्दू जाणणाऱ्यांना सांगायला नको.) 1671 च्या सुमारास तिथला फत्तेखान महाराजांशी तह करायला निघाला, तेव्हा सिद्दी संबळ, कासीम आणि खैर्यत या तिघांनी त्याला कैद केले व औरंगजेबाची चाकरी पत्करली. पुढे कासीमला ‘याकूतखान’ हा किताब मिळाला. काम एकच: सुरतेचे बंदर, तिथली व्यापारी जहाजे आणि हाजींना घेऊन जाणारी जहाजे सांभाळणे. पगार सुरतेच्या महसुलातून. पावसाळ्यात हे आरमार मुंबईला माझगावात येऊन थांबे. इंग्रजांना ते नकोसे होई, पण बादशहाला नाही म्हणायची हिंमत नव्हती.

1679 मध्ये मराठ्यांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बांधायला घेतली. सिद्दी कासीम चालून आला आणि 1680 च्या प्रारंभी त्याने शेजारची उंदेरी बळकावली. तिच्यावर हल्ला चढवणारा मराठी आरमाराचा सरदार कोण? दौलतखान! कासीमने हा हल्ला परतवला. दोन्हीकडचे सेनानी कलमा पढणारे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासाठी लढले. मजहबाची फूटपट्टी इथे लावताच येत नाही.

मात्र सिद्दीला नायक करण्याचीही घाई नको. त्याच्या लोकांनी कोकणातली गावे लुटली, रयतेला पकडून गुलाम केले. ज्यांचे पूर्वज बाजारात विकले गेले, त्यांनीच हे करावे, याची आम्हाला जास्त खंत वाटते.

आणि राखण तरी कुठवर पुरली? 1695 मध्ये मक्केहून परतणारे बादशाही जहाज गंज-ए-सवाई इंग्रज चाचा एव्हरीने लुटले. जहाजावरचीच एक तोफ फुटली, बचाव करणाऱ्यांची हिंमत खचली. हाजींचे हाल झाले, स्त्रियांची विटंबना झाली. संतापलेल्या बादशहाने सुरतेतल्या इंग्रजांना कैदेत टाकले.

पण अखेर बंदर गेले ते इंग्रजांकडेच. 1759 मध्ये त्यांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि बादशाही आरमाराचा हुद्दाही. सिद्दीकडे राहिले जंजिऱ्याचे छोटे संस्थान. तेही 1948 मध्ये विलीन झाले.