उंच डबा, पसरट परात आणि एक पायली धान

एक पायली धान उंच डब्यात ओतले आणि तेवढेच धान पसरट परातीत ओतले, तर जास्त कशात? मोठ्या माणसाला हा प्रश्नच वाटत नाही. पहिलीतल्या मुलाला विचारून पाहा. आपल्या डोळ्यांदेखत एकाच मापाने मोजून ओतलेले असतानाही ते बहुधा म्हणेल, "डब्यात जास्त." आता शिक्षकाने काय करायचे? चूक दुरुस्त करायची, मूल मोठे होईपर्यंत थांबायचे, की आणखी काही? गेल्या शतकातील बालमानसशास्त्राचा मोठा वाद या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

या वादातील दोन मुख्य माणसे एकाच वर्षी, 1896 साली जन्मली. ज्याँ पियाजे स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलचा. त्याचे मूळ शिक्षण प्राणिशास्त्राचे, अभ्यास गोगलगायींचा. 1920 च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याच्याकडे मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या प्रमाणित करण्याचे काम आले. बरोबर उत्तरे मोजायची आणि गुण द्यायचे, एवढेच काम. पियाजेचे लक्ष मात्र चुकांकडे गेले. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात, म्हणजे त्या चुकीमागे काही तर्क असला पाहिजे, असे त्याला वाटले. मुलाशी बोलत बसून "तुला असे का वाटते?" हे विचारण्याची त्याची पद्धत इथून सुरू झाली. आम्हाला विचाराल तर पियाजेची शिक्षकांना सर्वांत मोठी देणगी हीच. अवस्थांचा तक्ता त्यानंतरचा.

तो तक्ता आपण सर्वांनी डी.एड., बी.एड.ला पाठ केला आहे: संवेदी-कारक, क्रियापूर्व, मूर्त क्रियात्मक, औपचारिक क्रियात्मक. साधारण सात वर्षांच्या आधी मुलाला एका वेळी एकाच गोष्टीकडे, म्हणजे इथे उंचीकडे, लक्ष देता येते. उंची वाढली तशी रुंदी घटली, आणि ओतलेले परत ओतता येते, हे त्याच्या विचारात एकत्र बसत नाही. मापाची ही अक्षय्यता मुलाला सांगून येत नाही, हाताळता हाताळता येते, असे पियाजेचे म्हणणे.

अडचण झाली ती तक्त्याच्या वापरात. "त्याचे अजून वय नाही" हे वाक्य शाळेत फार सोयीचे ठरते. ज्याच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्याच्याच वाट्याला ते अधिक येते. पियाजेने वयाचे आकडे ढोबळ मानले होते, ते मागेपुढे होतात हेही सांगितले होते. मात्र मुलाला या पायऱ्या भराभर कशा चढवायच्या, या प्रश्नाला तो थट्टेने 'अमेरिकन प्रश्न' म्हणत असे.

दुसरा माणूस लेव व्हायगॉट्स्की. जन्म ओर्शाचा, बालपण गोमेलमध्ये, आणि तिथेच तो काही वर्षे शिक्षक होता. 1934 साली, वयाच्या 37 व्या वर्षी तो क्षयाने गेला. 1936 साली सोव्हिएत सरकारने बालअभ्यासाच्या त्या शाखेवरच बंदी घातली. विचार आणि भाषा यांवरचे त्याचे पुस्तक 1956 पर्यंत पुन्हा छापले गेले नाही. इंग्रजीत ते 1962 साली आले. तेव्हा कुठे पियाजेने त्यातली स्वतःवरची टीका वाचली, आणि हे आपल्याला फार उशिरा कळले याबद्दल खंत व्यक्त केली.

टीका कशावर होती? मुले खेळताना स्वतःशीच बोलतात. हे बोलणे आत्मकेंद्री आहे, मूल मोठे झाले की ते विरून जाते, असे पियाजे मानत होता. व्हायगॉट्स्कीने काम मुद्दाम अवघड करून पाहिले, तर बडबड वाढली! म्हणजे मूल बोलून बोलून विचार करत होते. हे बोलणे विरत नाही, ते आत जाते आणि पुढे मनातला विचार होते. हातच्याची बेरीज करताना पुटपुटणाऱ्या मुलाला आपण "मनात कर" म्हणून दटावतो, तेव्हा त्याच्या हातचे हत्यारच काढून घेतो.

त्याची दुसरी कल्पना निकट विकासाच्या क्षेत्राची. मूल एकट्याने काय करते एवढेच पाहू नका. थोडी मदत मिळाली तर कुठवर पोचते तेही पाहा. शिकवण्याची जागा या दोहोंमध्ये आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1976 साली या मदतीला बांधकामाच्या पालखाची, आपल्याकडच्या बोलीत पराचीची, उपमा दिली. भिंत उभी राहिली की पराची काढायची असते, हे मात्र बरेचदा राहून जाते.

व्हायगॉट्स्कीचा सहकारी लुरिया 1931 व 1932 साली उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांत वेगळे काय, असे त्याने शेतकऱ्यांना विचारले. अपेक्षित उत्तर 'ओंडका'. शेतकरी म्हणाले, ओंडका काढला तर करवत काय कापणार? आपल्या 'गटात न बसणारा शब्द ओळखा' या प्रश्नाचे हेच आहे. विळा, नांगर, बैल, कुदळ यांतून भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातील आसगावच्या एखाद्या मुलाने बैलाऐवजी कुदळ काढली, तर गुण जाईल. पण बैल नांगराला जुंपतात, हे त्याचे गटीकरण चूक कसे म्हणायचे?

मायकेल कोल या अमेरिकन संशोधकाने हा मुद्दा पुढे नेला. लायबेरियातील क्पेले लोकांसोबत काम करताना त्याने व जॉन गे यांनी भांड्यातले तांदूळ किती माप भरतील याचा अंदाज करायला सांगितला. भात पिकवणारे क्पेले शेतकरी त्यात शिकलेल्या अमेरिकनांपेक्षा कितीतरी सरस ठरले. विचार करण्याची क्षमता कशी दिसते, हे कोणत्या वस्तूंवर आणि कोणत्या भाषेत प्रश्न विचारला यावर अवलंबून असते.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघांना सोबत घेऊन, हेच प्रत्यक्षात केले होते. मॉन्टेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी शिंपले, बिया, पाने वापरली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात कुरणशाळा भरवली. कोणता सिद्धांत हे त्या विचारत बसल्या नाहीत. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर 'ज्ञानरचनावाद' हा शब्द गावोगावी पोचला, तेव्हा काही ठिकाणी फरशीवर तैलरंगाने रंगवलेल्या तक्त्यांनाच रचनावाद म्हटले गेले. तक्ता भिंतीवरून फरशीवर उतरला म्हणून मूल विचार करू लागते असे नाही.

आता पुन्हा पायलीकडे. आसगाव धानाच्या पट्ट्यातले गाव. साहित्य मागवावे लागणार नाही. माप मुलाच्या हाती द्या, ओतायला त्यालाच सांगा. प्रश्न एकदाच विचारा. ओतण्याआधी आणि नंतर तोच प्रश्न विचारला, तर पहिले उत्तर चुकले असावे असे समजून मुले उत्तर बदलतात, हे प्रयोगांत दिसले आहे. 1974 साली मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी मांडणी बिघडवायचे काम एका खोडकर टेडी अस्वलाकडे दिले, तेव्हा चार ते सहा वर्षांची कितीतरी अधिक मुले बरोबर उत्तर देऊ लागली. नंतर "कशावरून?" विचारा आणि दोन वेगळी उत्तरे देणाऱ्या मुलांना एकत्र बसवा. तुम्ही थोडे मागे सरा. "परत ओतून पाहू" असे त्यांच्यातले कोणी म्हणते का, तेवढे ऐका.

वरच्या वर्गांना जुने कोष्टक द्या. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. अर्ध्याचे अर्धे इथे हाताने करता येते. आणि माप शीग लावून भरायचे की सपाट, यावरून खळ्यावर भांडणे का होत असतील, हा प्रश्न सातवी-आठवीला घाला. पायलीचे तोंड जितके रुंद तितकी शीग मोठी. किती मोठी, ते मोजूनच काढावे लागेल.