बाईच्या वाट्याची गरिबी आणि नागपूरचा ठराव

गरिबी सगळ्यांना सारखीच, असे आपण म्हणतो. पण एकाच चुलीवर जेवणाऱ्या बाईच्या आणि बाप्याच्या वाट्याला ती सारखी येत नाही. हे आपल्या आयाबायांनी केव्हाच ओळखले होते, अन् तेही याच नागपुरात.

१ जानेवारी १८७७ ला इथे एम्प्रेस मिल सुरू झाली. आपला समाज गिरणीत गेला. बायाही गेल्या, पण रीलिंग-वाइंडिंगसारख्या कमी पगाराच्या खात्यांत. कोणी विड्या वळल्या, कोणी ओझी वाहिली. जाईबाई चौधरींनी स्टेशनावर हमाली केली आणि पुढे मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या आणि पूज्य बाबासाहेब स्वतः हजर होते. त्या बायांनी नुसती दया मागितली नाही. काडीमोडाचा हक्क द्या, एका नवऱ्याच्या अनेक बायका बंद करा, हे ठराव केलेच. शिवाय गिरणी, विडी, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामकरी बायांसाठी वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई, वीस वर्षांच्या नोकरीनंतर महिना १५ रुपये पेन्शन मागितले. बाया काम करतात तिथे देखरेखीलाही बाईच नेमा, असेही सांगितले. म्हणजे घरातला जुलूम आणि कामावरचा जुलूम या एकाच गरिबीच्या दोन बाजू आहेत, हे त्यांना कळले होते.

पुढे काय झाले? १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने बायांवरची रात्रपाळीची बंदी कायम ठेवली. हेतू चांगला होता. पण तीन पाळ्या चालवणाऱ्या मालकाला बाई अडचणीची वाटू लागली. नव्या यंत्रांनी त्यांची खातीही आटली. १९७६ साली समान वेतनाचा कायदा आला, पण यंत्रावर बाईच उरली नसेल तर पगार समान कोणाला देणार?

२००२ साली एम्प्रेस मिल बंद पडली. कामगाराजवळ फंडाचा, हजेरीचा कागद तरी होता. पहाटे उठून त्याचा डबा भरणारी, दुपारी विड्या वळणारी जी बाई होती, तिच्या नावाचा कागद कुठेच नव्हता.

बंधूंनो, तो कागद आपल्या हातात आहे. घराच्या कागदावर तिचे नाव लावा. बँकेचे खाते तिच्या स्वतःच्या हाती ठेवा. पैशाची ओढ आली की पहिली शाळा पोरीची सुटते, ती सुटू देऊ नका. १९४२ चा ठराव आपल्याच घरात अजून अमलात यायचा आहे.