ओ सेबल नदीवरील मासेमारीच्या सहली: एका नावाखाली बदलत गेलेला मासा

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, ओ सेबल नदीच्या काठी, ग्रेलिंग नावाचे एक लहान गाव आहे. गावास हे नाव एका माशावरून मिळाले. तो मासा या नदीतून नाहीसा होऊन आता शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. स्थलनामांत लुप्त वस्तूंच्या खुणा शिल्लक राहतात, हे नामशास्त्राच्या अभ्यासकांस नवीन नाही. वड तोडला गेला तरी वडगाव राहतेच. परंतु ग्रेलिंगची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. ज्या काळात हा मासा नदीतून नष्ट झाला, त्याच काळात त्या नदीवर मासे धरण्यासाठी टोळ्याटोळ्यांनी येणाऱ्या लोकांची संख्या वाढत होती, आणि मासा गेल्यानंतरही त्या सहली खंडित झाल्या नाहीत. हे कसे घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ओ सेबल हे नाव फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘वाळूची नदी’ असा आहे. हिमयुगात साचलेल्या वाळू आणि खडीच्या जाड थरांतून झिरपणारे पाणी असंख्य झऱ्यांच्या रूपाने या नदीस मिळते. त्यामुळे तिचे पाणी उन्हाळ्यातही थंड राहते आणि तिचा प्रवाह वर्षभर जवळजवळ सारखा असतो. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि वैशाखात आटणाऱ्या दख्खनच्या नद्या ज्यांच्या परिचयाच्या आहेत, त्यांना या सारखेपणाची कल्पना येण्यास थोडा प्रयास पडेल. नदी पूर्वेकडे वाहत जाऊन ह्युरॉन सरोवरास मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्या वरच्या भागात सामन-कुळातला जो प्रमुख मासा होता, तो ग्रेलिंग. पाठीवर शिडासारखा उंच, रंगीत पर असलेला हा मासा थव्याने राहत असे. एडवर्ड ड्रिंकर कोप या प्राणिशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये मिशिगनमधील ग्रेलिंगला ‘थायमॅलस ट्रायकलर’ असे शास्त्रीय नाव दिले. पण नदीकाठच्या नव्या वसाहतवाल्यांना याची वार्ता नव्हती. ते त्यास ‘पांढरा ट्राउट’ म्हणत. या लौकिक नावाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

१८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या अरण्यात रेल्वे आली. ती मासे धरणाऱ्यांसाठी आली नव्हती, हे उघड आहे. ती आली पांढऱ्या पाइन वृक्षांच्या लाकडासाठी. पण लाकूड बाहेर नेणारी आणि हौशी पाहुणे आत आणणारी गाडी एकच होती. १८७४ मध्ये या माशाची ओळख शास्त्रज्ञांमार्फत निश्चित होऊन तिला प्रसिद्धी मिळाली आणि पूर्वेकडील शहरांतील मंडळी ओ सेबलकडे येऊ लागली. फिलाडेल्फियाचे थॅडियस नॉरिस हे त्यांपैकी सर्वांत नामांकित होत. १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अमेरिकन अँग्लर्स बुक’ या ग्रंथामुळे गळाने मासे धरण्याच्या विद्येतील अधिकारी पुरुष म्हणून त्यांची ख्याती होती. बे सिटीचे डॅनियल फिट्झह्यू हे या प्रदेशातील त्यांचे यजमान होते. त्याच वर्षी मत्स्यसंवर्धक फ्रेड मॅथर ग्रेलिंगची अंडी मिळविण्यासाठी येथे येऊन गेले.

या सहलींचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर त्यांची नाव पाहिली पाहिजे. ओ सेबलवर एक विशिष्ट होडी घडत गेली: सुमारे चोवीस फूट लांब, अतिशय अरुंद, सपाट तळाची. मागील टोकास वाटाड्या हाती लांब काठी घेऊन ती प्रवाहाबरोबर हळूहळू सोडीत असे. पुढे पाहुणा गळाची काठी घेऊन बसे. आणि मध्यभागी एक पेटी असे, जिच्या तळाला भोके पाडलेली असल्यामुळे नदीचे पाणी आत खेळत राही आणि धरलेले मासे जिवंत राहत. अशा दोन-चार होड्यांचा काफिला तंबू, अंथरूण-पांघरूण व शिधा घेऊन ग्रेलिंग गावाहून निघे आणि काठावर मुक्काम करीत काही दिवसांनी खाली कोठे तरी उतरे. रुबेन बॅबिट यांच्यासारखे स्थानिक वाटाडे या धंद्यात नावारूपास आले. सहलीचे यश मोजण्याचे साधन ती पेटीच होती, आणि ती भरावयास फार वेळ लागत नसे. ग्रेलिंग हा भोळा मासा. एकाच दोरीवर पिसांच्या तीन बनावट माश्या बांधून टाकल्या असता दोन-दोन, तीन-तीन मासे एकदम लागल्याचे उल्लेख त्या काळच्या वृत्तांतांत वारंवार आढळतात. खाण्यापुरते ठेवून उरलेले काय झाले, याविषयी वृत्तांत बहुधा मौन पाळतात. शिवाय विक्रीसाठी मासे धरून रेल्वेने शहरांतील खाणावळींस पाठविणारेही होतेच.

विसाव्या शतकाचे पहिले दशक संपेपर्यंत ओ सेबलमधील ग्रेलिंग जवळजवळ संपला होता. संपूर्ण मिशिगन राज्यातून तो १९३६ च्या सुमारास नाहीसा झाला असे मानतात. या नाशास जबाबदार कोण, यासंबंधी दोन पक्ष आहेत. मासे धरणाऱ्यांनी लिहिलेल्या साहित्यात दोष मुख्यतः लाकूडतोडीकडे दिला जातो, आणि त्यास बळकट आधार आहे. हिवाळ्यात तोडलेले ओंडके वसंतात बर्फ वितळू लागताच बांध फोडून लोंढ्याबरोबर खाली वाहवीत. ग्रेलिंगचा विणीचा हंगामही नेमका वसंतातलाच. ज्या खडीत त्याची अंडी पडत, तीच खडी हजारो ओंडके खरवडून काढीत. काठावरील झाडी गेल्याने पाणी तापले आणि वाळू सुटून नदीच्या तळावर पसरली. शरद ऋतूत अंडी घालणाऱ्या माशांवर या लोंढ्यांचा आघात तितका थेट होत नसे, हा भेद महत्त्वाचा आहे. नदीवरील सहा जलविद्युत् बांध १९११ ते १९२४ या काळातले असल्याने त्यांना या नाशाचे कारण मानता येणार नाही. तेव्हा ग्रेलिंग अगोदरच गेला होता.

तरीही या साहित्याची साक्ष जशीच्या तशी स्वीकारणे योग्य होणार नाही. साक्षीदार स्वतःच या प्रकरणातील एक पक्ष आहेत. लाकूडतोडीने माशाची वीण बुडविली हे खरे. पण जी प्रौढ मासळी पुढील चांगल्या वर्षी पुन्हा वीण करू शकली असती, तीच थव्याथव्याने पेट्यांत जात होती. मोठे कारण लाकूडतोड होय, यात शंका नाही. परंतु सावरण्याची संधी हिरावून घेण्याचे काम सहलींनी केले, असा निष्कर्ष काढावा लागतो. ज्यांनी माशाची सर्वांत सुंदर वर्णने लिहिली त्यांच्याच हातून हे घडले, यात विसंगती नाही. त्यांचे प्रेम त्या दिवसावर होते आणि मासा त्या दिवसाचा एक भाग होता.

आता ‘पांढरा ट्राउट’ या नावाकडे वळता येईल. ग्रेलिंग कमी होऊ लागला तसे नदीत दुसरे मासे सोडण्यात आले. फिट्झह्यू यांनीच १८७६ मध्ये कॅलिफोर्नियाचा इंद्रधनुषी ट्राउट येथे आणला. १८८० नंतरच्या दशकात ब्रुक ट्राउट आला. तो अमेरिकेचाच, पण या नदीचा मूळ रहिवासी नव्हे. आणि शेवटी आला तपकिरी ट्राउट. त्याची अंडी जर्मनीतील बॅरन फॉन बेर यांनी १८८३ मध्ये फ्रेड मॅथर यांच्याकडे पाठविली होती आणि त्यांपासून झालेली पिले १८८४ मध्ये मिशिगनमधीलच पेर मार्केट नदीच्या एका उपनदीत प्रथम सोडण्यात आली. ग्रेलिंगची अंडी नेण्यास आलेले मॅथर आणि त्याच्या जागी येणाऱ्या माशाची अंडी उतरवून घेणारे मॅथर ही एकच व्यक्ती होय. याच तपकिरी ट्राउटची अंडी पुढे १९०० मध्ये काश्मीरला पोहोचली, आणि तेथील नद्यांतील आजचा ट्राउट हा त्याचाच वंशज आहे.

शास्त्रदृष्ट्या पाहता हे तीन मासे तीन वेगळ्या प्रजातिगणांत मोडतात. तपकिरी तेवढा युरोपातील मूळ ट्राउट. ब्रुक ट्राउट हा वस्तुतः चार या गटातला. आणि इंद्रधनुषी ट्राउट पॅसिफिक महासागरातील सामनांचा सख्खा भाऊ, ज्यास १९८९ पासून त्यांच्याच गणात घातले आहे. पण बोलभाषेत तिघांना नाव एकच. ग्रेलिंगही या नावाच्या छत्राखाली आधीच येऊन बसला होता. परिणाम असा झाला की, नदीतील मासे एकामागून एक बदलले तरी भाषेत काहीच बदलले नाही. लोक पूर्वी ट्राउट धरावयास जात, नंतरही ट्राउटच धरावयास जात. होडी तीच, वाटाडे तेच, पुढे त्यांची मुले. मुक्कामाच्या जागाही त्याच. शब्दाची व्याप्ती इतकी सैल असली की वस्तूचा लोप ऐकू येत नाही. अशी सैल नावे या नदीवर आणखीही आहेत. जून-जुलैच्या रात्री पाण्यातून निघणारा हेक्साजीनिया हा मोठा कीटक मेफ्लाय वर्गातला असूनही स्थानिक मंडळी त्यास ‘कॅडिस’ म्हणत आली. पण तेथे नावाच्या चुकीने कोणाचे नुकसान झाले नाही. (मराठीत गळ, पाग, जाळे, वावर असे शब्द आहेत, परंतु केवळ हौसेखातर गळ टाकण्यास स्वतंत्र शब्द नाही. आपल्याकडे ही पोट भरण्याची विद्या राहिली, आणि पोटासाठी मासा धरणारा माणूस नावांच्या बाबतीत सहसा सैल नसतो. कोणत्याही कोळणीची मासळीची नावे ऐकावीत.)

ग्रेलिंग गेल्याची जाणीव गावात मुळीच झाली नाही, असे मात्र नाही. १९१४ मध्ये तेथे अंडी उबविण्याचे केंद्र निघाले, ते ग्रेलिंगला परत आणावे या हेतूने. त्याचे प्रवर्तक रासमस हॅन्सन हे लाकडाचे बडे व्यापारी होते. ग्रेलिंग परत आला नाही. केंद्र मात्र चालू राहिले आणि दुसरे मासे काढू लागले. पुढे राज्यभर हीच रीत रूढ झाली: धरण्याजोग्या आकाराचे मासे टाक्यांत वाढवावयाचे, हंगामात नदीत सोडावयाचे, आणि आठ-पंधरा दिवसांत ते लोकांनी काढून न्यावयाचे. अहवालात सोडलेल्या माशांचा आकडा दरवर्षी वाढता दिसे. नदीच्या प्रकृतीविषयी तो आकडा काहीच सांगत नसे.

या रीतीस पहिला संघटित विरोध झाला तो ओ सेबलच्याच काठावर आणि सहलीच्याच मंडळींकडून. नॅश-केल्व्हिनेटर आणि नंतर अमेरिकन मोटर्स या कंपन्यांचे प्रमुख जॉर्ज मेसन यांनी नदीच्या दक्षिण शाखेवर मोठी जमीन घेतली होती. बदकांच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या ‘डक्स अन्‌लिमिटेड’ या संस्थेचेही ते अध्यक्ष होते. ट्राउटसाठी अशीच एखादी संस्था असावी, ही कल्पना त्यांनी आपले सोबती जॉर्ज ग्रिफिथ यांच्यापुढे मांडली. १९५४ मध्ये मेसन वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वये सुमारे पंधराशे एकर जमीन राज्यास मिळाली. तिची विक्री होऊ नये, अशी अट त्यांनी घातली होती. जुलै १९५९ मध्ये ग्रिफिथ यांच्या नदीकाठच्या घरी पंधरा-सोळा जण जमले आणि ‘ट्राउट अन्‌लिमिटेड’ची स्थापना झाली. बाहेरून पाहणाऱ्यास हा मेळावा नेहमीच्या सहलीहून वेगळा दिसला नसता. वेगळी होती ती मागणी: टाकीत वाढविलेले मासे ओतणे थांबवावे आणि नदीतच जन्मणाऱ्या माशांना जगता येईल अशी नदी राखावी. संस्थेच्या स्थापनेपासून चार वर्षांच्या आत राज्याने आपले धोरण बदलले.

ज्यांना ‘रानटी’ अथवा ‘नदीजात’ ट्राउट म्हणून हे संरक्षण मिळाले, ते मासे मुख्यतः जर्मनीहून आलेल्या व इतरत्रून आणलेल्या माशांचे वंशज होते. या मंडळींना ते ठाऊक नव्हते असे नाही. मासा कोठून आला यापेक्षा तो या पाण्यात स्वतःच्या बळावर वीण करतो की नाही, हा प्रश्न त्यांनी निर्णायक मानला. इतिहासाच्या दृष्टीने ही भूमिका अपुरी वाटली तरी व्यवहारात तिने नदीचे रक्षण केले. १८७४ मधल्या पेटीत डोकावून हा प्रश्न कोणी विचारला असता तर काय झाले असते, हा विचार टाळणे कठीण जाते.

ग्रेलिंगसंबंधीचा प्रयत्न अलीकडे पुन्हा सुरू झाला आहे. राज्य शासन, मूळ रहिवाशांच्या अनिशिनाबे जमाती आणि इतर संस्था यांनी २०१६ मध्ये त्यासाठी एकत्रित उपक्रम आखला. अलास्कातून आणलेल्या माशांच्या वाणापासून मिळालेली अंडी २०२५ च्या मे महिन्यात तीन जमातींच्या स्वाधीन झाली आणि मॅनिस्टी, मेपल व बोर्डमन या नद्यांत उबवणीसाठी ठेवण्यात आली. ओ सेबल नदी या पहिल्या खेपेत नव्हती. कोपने दिलेले ‘ट्रायकलर’ हे नावही आता सर्वमान्य राहिलेले नाही. मिशिगनचा ग्रेलिंग हा उत्तरेकडील आर्क्टिक ग्रेलिंगचाच एक भेद असावा, असे बहुतेक अभ्यासक समजतात. तेव्हा मॅनिस्टीच्या खडीत जो मासा वाढेल तो परत आलेला म्हणावयाचा की नवा आलेला, हे प्राणिशास्त्रापेक्षा नाव देणारेच ठरवतील. ग्रेलिंग गावाहून मॅनिस्टीचा उगमाकडील प्रवाह काही मैलांवरच आहे.