मलेरियाचे निळे औषध माशांच्या टाकीत कसे आले?

इ.स. १८७६ या एकाच वर्षी युरोपात दोन घटना घडल्या. त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. जर्मनीतील बीएएसएफ या रंगांच्या कारखान्यात हाइनरिख कारो या रसायनज्ञाने कापड रंगवण्यासाठी एक गडद निळे द्रव्य तयार केले. तेच मिथिलीन ब्लू. त्याच वर्षी फ्रान्समध्ये फूके या संशोधकाने गोड्या पाण्यातील माशांच्या त्वचेत राहणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस’ असे नाव दिले. या नावाचा शब्दशः अर्थ ‘अनेक लेकरांची माशाची ऊ’. प्राणी ऊ नव्हे. तो अंगभर रोमके असलेला एकपेशीय आदिजीव आहे. ‘अनेक लेकरांची’ हे विशेषण मात्र अगदी चपखल आहे, हे पुढे दिसेलच.

आज घरगुती मत्स्यालयातील माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले की, पाळणारा निळ्या थेंबांची बाटली शोधू लागतो. रोगाला नाव मिळाले त्याच वर्षी औषधही जन्मले. पण ते टाकीपर्यंत आले एका वेगळ्याच आजाराच्या वाटेने, आणि ज्या रोगासाठी ते सर्वाधिक वापरले जाते त्यावर ते फारसे प्रभावी नाही.

घरात काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद तेव्हा फार जुना नव्हता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सार्वजनिक मत्स्यालय १८५३ साली उघडले. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत टाक्या दिसू लागल्या. नदीत मासे विरळ असतात, वाहते पाणी परजीवीच्या पिलांना दूर नेते. टाकीत मात्र माशाला पळायला जागा नसते आणि परजीवीला शोधाशोध करावी लागत नाही. फूकेच्या आधी, १८६९ मध्ये, हिल्गेनडॉर्फ आणि पॉलिकी यांनी हा जीव पाहिला तो हॅम्बुर्गच्या मत्स्यालयातच. या रोगाचा अभ्यास मत्स्यालयांच्या जन्माबरोबर सुरू झाला, हा योगायोग म्हणता येणार नाही.

आता निळ्या रंगाकडे वळू. काही रंग विशिष्ट पेशींनाच चिकटतात, इतरांना नाही, या निरीक्षणाने पॉल एर्लिख यांना झपाटले होते. मलेरियाचे परजीवी मिथिलीन ब्लू शोषून घेतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते. मग रंग परजीवीला रंगवतो तर त्याला मारणारही नाही का? १८९१ मध्ये बर्लिनमध्ये गुटमान आणि एर्लिख यांनी मलेरियाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्लू दिले आणि दोघांनाही गुण आला. प्रयोगशाळेत घडवलेल्या कृत्रिम द्रव्याने माणसाचा संसर्ग बरा केल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. क्विनीन अधिक खात्रीचे असल्याने मिथिलीन ब्लू मागे पडले. शिवाय रुग्णाची लघवी निळी होई, तेही कोणाला आवडणारे नव्हते. रक्ताच्या काचपट्टीवर मलेरिया ओळखण्यासाठी आपल्याकडील प्रयोगशाळा जो लाइशमन रंग वापरत आल्या, त्यात मात्र मिथिलीन ब्लू आजही टिकून आहे.

इतिहासाने येथे एक वळसा घेतला आहे. मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवल्यानंतर डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांचा शोध सुरू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी गप्पी मासा भारतात आणला गेला, १९२८ मध्ये गॅम्बुशिया आला. ‘गप्पी मासे पाळा’ हा आरोग्य खात्याचा संदेश महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी भिंतींवर वाचला आहे. १९५१ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. विहिरीत मलेरियाशी लढण्यासाठी आणलेला गप्पी दिवाणखान्यातही आला, आणि तेथे आजारी पडल्यावर त्याच्या पाण्यात मलेरियाचेच जुने औषध पडू लागले.

ते पुरेसे का ठरत नाही, याचे उत्तर ‘अनेक लेकरांमध्ये’ आहे. पांढरा ठिपका हा परजीवीचा खाऊन-पिऊन वाढणारा टप्पा. तो माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली सुरक्षित बसलेला असतो. पाण्यातले औषध तेथे पोचत नाही. पूर्ण वाढ झाली की तो मासा सोडतो, तळावरील वाळूला किंवा पानाला चिकटतो, भोवती चिकट कवच तयार करतो आणि आत विभाजित होत शेकडो, कधी हजारापर्यंत पिले निर्माण करतो. ती बाहेर पडून पोहू लागतात आणि एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. औषधाने मरते ती ही पोहणारी पिले; कवचातली किंवा त्वचेखालची नव्हेत. म्हणूनच ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवणारा फसतो. ठिपके गेले याचा अर्थ परजीवी तळाशी बाळंत होत आहे, इतकाच असू शकतो.

हे चक्र तापमानावर चालते. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर सुमारे आठवड्यात पुरे होते, १० अंशांना महिन्याहून अधिक काळ लागू शकतो आणि ३० अंशांच्या वर परजीवीची वाढ खुंटते. झाशीच्या जुन्या परकोटातील दतिया गेटचा परिसर या दृष्टीने बोलका आहे. बुंदेलखंडात जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, मे महिन्यात ४० अंशांच्या वर चढतो. तेथील हीटर नसलेल्या टाकीत थंडीने उष्णकटिबंधीय माशांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि औषधाचा ठरावीक पाच दिवसांचा क्रम परजीवीच्या लांबलेल्या चक्रापुढे तोकडा पडतो. मुंबईच्या दमट, उबदार हवेवरून बेतलेला सल्ला झाशीच्या हिवाळ्यात जसाच्या तसा चालत नाही. उपचाराचे दिवस बाटलीने नव्हे, थर्मामीटरने ठरवावेत. पाणी गरम करतानाही भान हवे: ऊन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी राहतो, आणि माशाचे कल्ले तर आधीच जखमी असतात.

मिथिलीन ब्लूपेक्षा परिणामकारक ठरला तो दुसरा रंग, मॅलाकाइट ग्रीन. (नाव मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजावरून पडले असले तरी या रंगात तांबे नाही.) माशांवरील बुरशीसाठी त्याचा वापर अमेरिकेत १९३६ मध्ये फॉस्टर आणि वुडबरी यांनी नोंदवला. पुढे फॉर्मेलिनबरोबर त्याचे मिश्रण पांढऱ्या ठिपक्यांवर रुळले. पण हे द्रव्य माशाच्या चरबीत रंगहीन रूपात दीर्घकाळ साठून राहते आणि त्याच्या विषारीपणाबद्दल गंभीर शंका आहेत. अमेरिका व युरोपीय संघ यांनी खाण्याच्या माशांत त्याला मज्जाव केला आहे. घरच्या टाकीतला मासा कोणी खात नाही, हे खरे. पण पाण्यात हात घालणारे बहुधा घरातले मूलच असते. ज्या बाटलीवर द्रव्याचे नाव आणि तीव्रता लिहिलेली नाही, ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मिथिलीन ब्लूला टाकाऊ ठरवणेही अन्यायाचे होईल. माशांच्या अंड्यांवरील बुरशीसाठी ते उपयोगी आहे, आणि नायट्राइटच्या विषबाधेने माशाचे रक्त तपकिरी झाले तर ते तसेच काम करते जसे माणसाच्या मेथेमोग्लोबिनच्या आजारात करते. फक्त ते वेगळ्या भांड्यात वापरावे. मुख्य टाकीत ते फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाच दुर्बळ करते.

कोळंबीच्या बाबतीत तर शब्दच घात करतो. कोळंबीच्या ‘पांढऱ्या ठिपक्यां’चा रोग विषाणूजन्य आहे. १९९४ पासून भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील कोळंबीची तळी त्याने उद्ध्वस्त केली. माशाच्या ठिपक्यांशी त्याचा काडीचाही संबंध नाही आणि त्यावर औषधही नाही. २००९ नंतर भारतात व्हॅनामेई कोळंबीला परवानगी मिळाली ती ठरावीक रोगांपासून मुक्त असलेल्या बीजसाठ्याच्या अटीवर, म्हणजे उपचाराची आशा सोडून प्रतिबंधाच्या आधारावर. उलट, माशांच्या परजीवींवर चालणारी तांबेयुक्त औषधे टाकीतल्या शोभेच्या कोळंबीला अल्प प्रमाणातही मारतात. तिच्या रक्तातील ऑक्सिजनवाहक हिमोसायनिनला तांबे लागते, तरी पाण्यातले जादा तांबे तिला सोसत नाही.

पांढऱ्या ठिपक्यांतून वाचलेल्या माशाला पुन्हा तोच रोग सहसा होत नाही. त्याच्या त्वचेवरील श्लेष्मात प्रतिपिंडे तयार झालेली असतात. तेव्हा लस शक्य आहे, हे संशोधकांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. २०११ मध्ये या परजीवीचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. अडचण निराळीच आहे: हा जीव प्रयोगशाळेतील काचपात्रात पिढ्यान्‌पिढ्या वाढत नाही. त्याला वाढवायचे तर जिवंत मासाच लागतो. लशीसाठी परजीवी हवा, आणि परजीवीसाठी दर काही दिवसांनी नवे मासे आजारी पाडावे लागतात.